आधी वेळापत्रक, मग नकाशा

विद्यापीठाच्या आवारात मोठं बंदिस्त क्रीडागृह बांधायचं आणि पदवीदान, परिषदा, संगीताचे कार्यक्रमही तिथेच भरवायचे, असा प्रस्ताव आला की वादाला तोंड फुटतं. एक बाजू विचारते, ग्रंथालयात पुस्तकं नाहीत, प्रयोगशाळेतली उपकरणं बंद पडली आहेत, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तुम्हाला स्टेडियम सुचतंय? दुसरी बाजू आसनक्षमतेचा आकडा पुढे करते. मोठ्या स्पर्धा येतील, भाडं मिळेल, विद्यापीठाचं नाव होईल, अशी तिची मांडणी असते. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघींच्याही डोळ्यांसमोर उद्घाटनाचा दिवस असतो. त्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता त्या दारातून आत कोण जाणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळा वाद तिथेच व्हायला हवा. असं क्रीडागृह विद्यापीठाने जरूर बांधावं. मात्र ते रोजच्या वापराची, शिक्षणाची इमारत म्हणून बांधावं आणि तिथल्या वेळेवर पहिला हक्क कुणाचा, हे नकाशा काढण्याआधी लेखी ठरवावं. एवढं ठरवायची तयारी नसेल, तर ते बांधू नये.

‘ग्रंथालय की क्रीडागृह’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. त्यात असं गृहीत धरलंय की ज्ञान ही विद्यापीठाची मुख्य इमारत आणि शरीर हे मागच्या अंगणातलं काम. इतिहास काही वेगळंच सांगतो. अथेन्समध्ये प्लेटोने जिथे शिकवलं ती अकादमी आणि ॲरिस्टॉटलने जिथे शिकवलं ते लायसियम, या दोन्ही जागा मुळात व्यायामशाळा होत्या. तरुण तिथे कुस्ती खेळायला, धावायला जमत, म्हणून तत्त्वज्ञही तिथे गेले. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात अशा व्यायामशाळेचं वर्णन केलं आहे. तेल लावायची खोली, अंगाला माती चोळायची खोली, स्नानगृहं यांच्या जोडीला तो प्रशस्त बैठका सांगतो, तत्त्वज्ञांनी आणि वक्त्यांनी बसून चर्चा करावी म्हणून. एकाच आराखड्यात घाम आणि वाद दोन्हींची सोय. जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाही. त्या व्यायामशाळा स्वतंत्र पुरुषांच्या होत्या. गुलामांना तिथे व्यायामाची मुभा नव्हती आणि अथेन्समध्ये स्त्रियांनाही ती जागा बंद होती. म्हणजे जागा कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हा प्रश्न तेव्हाही होताच.

आणखी अलीकडे येऊ. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या एका प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकासमोर एक वर्ग होता. बाहेर कडाक्याची थंडी, आत त्याच त्या कवायतींना कंटाळलेले विद्यार्थी. नेस्मिथने पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. बास्केटबॉलचं रिंग आजही जगभर त्याच उंचीवर असतं. चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, जवळच्या होल्योकमध्ये विल्यम मॉर्गनने बास्केटबॉलची दगदग न झेपणाऱ्यांसाठी व्हॉलीबॉलचा खेळ तयार केला. आज जगभर खेळले जाणारे हे दोन्ही खेळ छपराखाली जन्मले, कारण कुणाच्या तरी हातात एक मोकळी खोली, काही कंटाळलेली माणसं आणि प्रयोग करायची मुभा होती. प्रयोगशाळा आणखी वेगळी काय असते? बास्केटबॉलच्या जन्माला दोन वर्षं होण्याच्या आत स्मिथ कॉलेजमध्ये सेंदा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींसाठी बास्केटबॉलचे नियम बदलून घेतले आणि १८९३ मध्ये विद्यार्थिनींचा सामना भरवला. पुरुष प्रेक्षकांना त्या सामन्याला मज्जाव होता. ज्या काळात उघड्या मैदानावर धावणाऱ्या मुलीकडे सगळे टक लावून बघत, त्या काळात चार भिंती आणि एक छप्पर यांनी त्या मुलींना धावायची मोकळीक दिली. बंदिस्त क्रीडागृहाचं हे मोल, का कोण जाणे, समर्थकांच्या यादीत कधीच नसतं.

आता विरोधकांचे मुद्दे घेऊ. ते किरकोळ नाहीत.

माझ्या मते त्यांच्या हातातलं सर्वांत धारदार उदाहरण लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं आहे. तिथला प्रशिक्षक जॉन वुडन यांचा बास्केटबॉल संघ वर्षानुवर्षं एका जुन्या, कोंदट व्यायामशाळेत सराव करायचा. त्याच जागेत जिम्नॅस्ट आणि कुस्तीगीरही असत. सरावाआधी प्रशिक्षक स्वतः फ्लोअर पुसायचे. १९५५ च्या सुमाराला ती जागा आगीच्या दृष्टीने धोकादायक ठरली आणि मोठे सामने घ्यायला संघाला गावभर दुसरीकडे फिरावं लागलं. अशा अवस्थेत या संघाने १९६४ आणि १९६५ ची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पॉली पॅव्हेलियन हे भव्य क्रीडागृह उघडलं ते त्यानंतर, जून १९६५ मध्ये, आणि तेही पदवीदान समारंभाने. विरोधक म्हणतील, बघा, चॅम्पियन घडवायला वाडे लागत नाहीत. मला हे शंभर टक्के मान्य आहे. पण मान्य केल्यावर निष्कर्ष काय निघतो? चांगला संघ आणि चांगला प्रशिक्षक कुठेही वाट काढतात. क्रीडागृहाची गरज त्यांना सर्वांत कमी असते. ती असते संघात नसलेल्यांना, म्हणजे विद्यापीठातल्या बहुसंख्य मुलामुलींना. ज्यांच्यासाठी कुणी जागा शोधत फिरत नाही, त्यांना रोज ठरलेल्या वेळी उघडं दार लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करायला हवा. पाऊस, ऊन, अंधार, थंडी यांतून हा हिशेब वर्षभर जुळवायचा तर छप्पर लागतं. पदकतालिकेशी या गरजेचा काहीही संबंध नाही.

दुसरा मुद्दा पैशांचा. सार्वजनिक पैशांतून बांधलेली मोठी स्टेडियमं परिसराची भरभराट करतात या दाव्याला आधार सापडत नाही, यावर अर्थतज्ज्ञांचं बरंचसं एकमत आहे. मॉन्ट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत क्रीडा विभागाचा खर्च विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या शुल्कातून भागवला जातो आणि तो विद्यार्थी त्या इमारतीत पाऊल ठेवो न ठेवो, शुल्क भरावंच लागतं. त्यामुळे ‘भाड्यातून खर्च निघेल’ हे वाक्य प्रस्तावातून सरळ खोडून टाकावं असं मला वाटतं. ग्रंथालयाचा खर्च कशातून निघतो असं आपण विचारतो का? वसतिगृहातला मुलगा रात्री तिथे बसून वाचतो, तोच त्या खर्चाचा परतावा असतो. क्रीडागृहालाही तोच न्याय लावावा आणि तोच आरसा दाखवावा. रात्री तिथे कुणी येत नसेल, तर भाड्याच्या पावत्या कितीही फाटल्या तरी ती इमारत फसली.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. ‘बहुउद्देशीय’ म्हणवणारी जागा बऱ्याचदा कुठल्याच उद्देशाला धड पुरत नाही. हँडबॉलचं मैदान ४० बाय २० मीटर, बास्केटबॉलचं २८ बाय १५, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, बॅडमिंटनचं १३.४ बाय ६.१. कागदावर सगळं एकमेकांत बसतं. प्रत्यक्षात एकाच लाकडी फ्लोअरवर चार-पाच रंगांच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि नवख्या खेळाडूला आपली रेषा सापडत नाही. बॅडमिंटनचं शटल जेमतेम पाच ग्रॅमचं. प्रेक्षकांसाठी वातानुकूलनाचा झोत सुरू झाला की ते भरकटतं आणि तो बंद केला की वर बसलेले घामाघूम होतात. खेळासाठी उंच छत आणि टणक भिंती ठीक, पण त्याच भिंतींमुळे पदवीदानाच्या भाषणाचा प्रत्येक शब्द घुमून दुसऱ्यावर आदळतो. खेळाच्या फ्लोअरला सांध्यांना जपणारी लवचीकता हवी असते, तर संगीताच्या कार्यक्रमाला टनावारी मंच आणि ध्वनियंत्रणा उभी करायची असते.

या अडचणी खऱ्या आहेत. इंजिनिअर त्यांतल्या बऱ्याच सोडवू शकतात. घडी होणाऱ्या गॅलऱ्या, फ्लोअरवर अंथरायचं आवरण, आवाज शोषणारं छत, दिशा बदलता येणारे हवेचे झोत, हे सगळं आज मिळतं. पण दोन गरजा समोरासमोर आल्या तर कुणी मागे सरायचं, हे इंजिनिअर ठरवू शकत नाही. ते विद्यापीठाने ठरवायचं असतं. पहिला मान रोजच्या खेळाचा, दुसरा विद्यापीठाच्या स्वतःच्या सभा-समारंभांचा आणि बाहेरचे कार्यक्रम पाहुणे म्हणून, असा क्रम ठरला की छताची उंची, दिव्यांची जागा, फ्लोअरचा प्रकार हे निर्णय आपोआप सुटत जातात. क्रम ठरला नाही, तर ज्याचा आवाज मोठा आणि ज्याचा चेक मोठा, त्याच्या सोयीने इमारत चालते.

बाहेरच्या एका कार्यक्रमाचा खरा हिशेब मांडून बघा. कार्यक्रम एका संध्याकाळचा. पण आदल्या दिवशी दुपारपासूनच नेट निघतात, खांब कोपऱ्यात जातात, फ्लोअर झाकलं जातं, गॅलऱ्या बाहेर ओढल्या जातात, खुर्च्या आणि मंच लागतात. दुसऱ्या दिवशी उचलाउचल, झाडलोट, आणि शेवटी फ्लोअर हाताने तपासणं, कारण मंच काढताना राहून गेलेला एखादा स्क्रू चेंडूवर झेप घेणाऱ्या व्हॉलीबॉलपटूला दिसत नसतो. म्हणजे एका संध्याकाळीला तीन दिवस. समजा, वर्षाला असे २० कार्यक्रम झाले, तर ६० दिवस गेले. दोन्ही सत्रांच्या परीक्षा तिथेच घेतल्या, प्रत्येकी तीन आठवडे, म्हणजे ४२ दिवस. पदवीदान आणि त्याची तालीम यांचे पाच. एकूण १०७. शैक्षणिक वर्षाचे दोनशे-सव्वादोनशे दिवस धरले, तर जवळजवळ निम्मं वर्ष खेळाला दार बंद. एवढ्या दिवसांचा निर्णय कुठल्या बैठकीत होतो? कुठल्याच नाही. एकेक परवानगी स्वतंत्रपणे दिली जाते आणि त्या वेळी ती रास्तही वाटते.

या हिशेबाची झळ कुणाला बसते तेही पाहायला हवं. दिवसभराचं प्रात्यक्षिक उरकून, मैत्रिणीची रॅकेट मागून आणून एक मुलगी सहा वाजता दाराशी येते. काचेवर चिकटपट्टीने लावलेला कागद असतो, ‘कार्यक्रमानिमित्त आज सराव बंद’. तारीख घातलेली नसते. ती परत जाते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच कागद. तिसऱ्यांदा ती येत नाही आणि ती येईनाशी झाली याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही. विद्यापीठाच्या संघाचं असं होत नाही. त्यांचे प्रशिक्षक दोन फोन करतात आणि पहाटेची वेळ मिळवतात. संघाबाहेरच्या मुलीसाठी फोन करणारं कुणी नसतं. म्हणून तिची वेळ नियमातच लिहिलेली हवी.

हे टोकाचं वाटत असेल, तर अमेरिकेतला एक दाखला बघा. तिथे १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना त्याने लिंगावरून भेदभाव करायला मनाई केली. तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याचे नियम तयार झाले. खेळात समान संधी मिळते की नाही हे कशावरून ठरवायचं, याची यादी त्यात आहे. साहित्य, प्रशिक्षक, प्रवासखर्च यांच्या बरोबरीने त्या यादीत सामन्यांच्या आणि सरावाच्या वेळा हाही मुद्दा लिहिलेला आहे. ज्यांनी तो लिहिला, त्यांना घोडं कुठे पेंड खातं ते नेमकं कळलं होतं. मुलींना क्रीडागृहाचं दार कुणी बंद केलेलं नसतं. फक्त त्यांच्या वाट्याला उरलेली वेळ येते, पहाटेची किंवा रात्री उशिराची, आणि मग ‘मुली येतच नाहीत हो’ असं सांगायला सगळे मोकळे.

मग कार्यक्रम नकोतच का? तसं मी म्हणणार नाही. विद्यापीठाला हजारो माणसं एका छपराखाली बसवता येतील अशी जागा हवी, आणि खेळाइतक्याच गंभीर कारणासाठी हवी. १९६६ च्या ३१ जुलैला मार्टिन ल्यूथर किंग नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये बोलले. त्याच दिवशी त्याच शहरात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा मेळावा होता. १९६८ च्या १८ मार्चला अमेरिकन सिनेटर रॉबर्ट केनेडी कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाऊसमध्ये उभे राहिले. एरवी बास्केटबॉलसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या जागेत, तुडुंब गर्दीसमोर, राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात काय मोजलं जातं आणि माणसाच्या जगण्यातलं काय सुटून जातं, याची त्यांनी झडती घेतली. असं भाषण दोनशे खुर्च्यांच्या व्याख्यानगृहात झालं असतं, तर ते निवडक निमंत्रितांपुरतं राहिलं असतं. उलट टोकाचं उदाहरण प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचं. तिथे १८२० मध्ये व्यायामाच्या सार्वजनिक आखाड्यांवर बंदी आली आणि ती १८४२ मध्ये उठली. तरुण जिथे रोज जमतात तिथे ते बोलूही लागतात, याची सत्तेला धास्ती होती. संकटाच्या वेळचं तर सांगायलाच नको. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर लुईझियाना स्टेट विद्यापीठाचं बास्केटबॉलचं क्रीडागृह रुग्णालय झालं होतं. म्हणून जागा मोठी असावी, दारं रुंद असावीत, वीज गेली तरी दिवे लागावेत. पण अशा दिवसांसाठी वर्षभर दार बंद ठेवावं लागत नाही. ते वर्षातले थोडेच असतात आणि त्या दिवशी सराव थांबला म्हणून कुणी कुरकुरणार नाही. मंगळवारचा सराव बंद पडतो तो भाड्याने दिलेल्या कार्यक्रमांमुळे.

राहता राहिला आकाराचा प्रश्न. समर्थकांना पाच हजार, दहा हजार खुर्च्यांचा मोह सुटत नाही. पण कायमच्या खुर्चीबरोबर तिचा जिना येतो, आपत्कालीन दार येतं, स्वच्छतागृह येतं, हवा खेळती ठेवायची यंत्रणा येते, वाहनतळ येतो आणि या सगळ्याची दरवर्षीची देखभाल येते. मोठं छत म्हटलं की जबाबदारीही मोठी. १९७८ च्या १८ जानेवारीला पहाटे अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या सिव्हिक सेंटरचं छत बर्फाच्या भाराने कोसळलं. आदल्या संध्याकाळी तिथे दोन विद्यापीठांचा बास्केटबॉल सामना झाला होता आणि सुमारे पाच हजार प्रेक्षक काही तासांपूर्वीच घरी गेले होते. बांधकामाच्या वेळीच ते छत गणितात धरलेल्यापेक्षा सुमारे दुप्पट खाली झुकलेलं दिसलं होतं आणि चिंतेचं कारण नाही असं सांगितलं गेलं होतं. यावरून मोठं बांधूच नका असं मी म्हणत नाही. इलिनॉय विद्यापीठाचा सुमारे ४०० फूट व्यासाचा काँक्रीटचा घुमट १९६३ पासून उभा आहे. पण ज्या संस्थेकडे तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी बाजूला ठेवलेला पैसा नाही, तिने एवढं छत डोक्यावर घेऊ नये.

माझी पसंती वेगळ्या मांडणीला आहे. कायम खुर्च्या कमी, घडी होणाऱ्या गॅलऱ्या जास्त आणि मुख्य सभागृहाला लागून सरावाचं दुसरं, साधं सभागृह. त्यात गॅलरी नको, शोभेचं छत नको. तीन-चार कोर्ट, चांगला उजेड, चांगलं फ्लोअर आणि मुलींसाठी पुरेशी, सुरक्षित चेंजिंग रूम एवढं पुरे. मुख्य सभागृहात कार्यक्रम असला तरी हे दुसरं दार उघडं राहतं. त्यासाठी पैसे नसतील तर मुख्य सभागृह लहान करावं, दुसरं वगळू नये. आणि खर्च एकट्याला झेपत नसेल, तर वाटून घ्यावा. फिलाडेल्फियातलं पॅलेस्ट्रा हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं क्रीडागृह १ जानेवारी १९२७ ला उघडलं. प्रेक्षकांच्या गॅलऱ्या थेट मैदानाच्या कडेला भिडलेल्या, थाटमाट असा काही नाही. १९५५ पासून त्या शहरातली आणि परिसरातली पाच विद्यापीठं आपापसातले सामने या एकाच छपराखाली खेळू लागली आणि त्या सामन्यांची परंपरा दंतकथेसारखी सांगितली जाते. त्या सामन्यांसाठी पाच संस्थांना पाच मोठी स्टेडियमं बांधावी लागली नाहीत. शेजारच्या दोन शिक्षणसंस्थांना एकत्र बसून असं ठरवता येणार नाही का? अडसर प्रतिष्ठेखेरीज दुसरा कुठला आहे?

तेव्हा अधिसभेत हा विषय येईल तेव्हा विरोधकांनी ग्रंथालयाची ढाल पुढे करू नये आणि समर्थकांनी रंगीत संकल्पचित्रं पडद्यावर दाखवू नयेत. कुलगुरूंकडे एकच कागद मागावा, इमारत सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सत्राचं तासवार वेळापत्रक. संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी रोज संध्याकाळचे किमान तीन तास त्यात राखीव आहेत का? त्यातल्या मुलींच्या वेळा सोयीच्या आहेत, की उरलेल्या? बाहेरच्या कार्यक्रमांना वर्षाकाठी किती दिवस, मांडणी आणि आवराआवर धरून, आणि ती मर्यादा ओलांडायची परवानगी कोण देणार? परीक्षा दुसरीकडे कुठे घेणार? देखभालीचा निधी कुठल्या खात्यात? हा कागद व्यवस्थापन परिषदेच्या ठरावाला जोडलेला असावा, म्हणजे पुढच्या कुलगुरूंनाही तो बदलताना सभागृहासमोर यावं लागेल. तो समोर आला आणि पटला, तर मी पहिल्यांदा हात वर करीन. तो आला नाही, तर निविदा काढायची घाई कुणी करू नये.